वादळ आलं की फोन यायचा

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला. शाळेची सहल घेऊन गेलो होतो, आणि पाण्यात उतरलेली पोरं तेवढीच परत वर आली की नाही हे बघण्याच्या नादात समुद्राकडं नीट बघायचंच राहून गेलं. तरी समुद्रावरच्या वादळांविषयी अख्ख्या सोनपेठात माझ्याएवढं बोलणारा दुसरा कुणी नसावा. बोलायला समोर माणूस लागतो आणि तो बहुतेक वेळा नसतो, ही गोष्ट निराळी.

मी भूगोलाचा मास्तर होतो. फळ्यावर एक मोठा गोल काढायचा, मधोमध वादळाचा डोळा, भोवती वाऱ्याचे बाण. उत्तर गोलार्धात बाण घड्याळाच्या काट्यांच्या उलट. दर वर्षी निम्मी पोरं बाण सुलट काढायची आणि दर वर्षी मी तितकाच चिडायचो. आमच्या पोरांनी पाहिलेलं वादळ म्हणजे वैशाखातलं. दुपारी धुळीचा लोट उठतो, कुणाच्या गोठ्यावरचे पत्रे दुसऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर जाऊन पडतात, पाडाला आलेले आंबे झडतात आणि चहाच्या वेळेला पुन्हा ऊन पडतं. त्यांना मी सांगत असे की खरं वादळ जिल्ह्याएवढं असतं, कधीकधी महाराष्ट्राएवढं. ती माझ्याकडं, मास्तर फेकायलाय, अशा नजरेनं बघायची.

पुढं माझाच मुलगा शिकून अमेरिकेत गेला आणि त्यानं राहायला नेमका तो किनारा निवडला, जिथं माझे फळ्यावरचे बाण जाऊन धडकतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ढगांचा एखादा पुंजका निघावा, महासागरभर ऊब पीत पीत यावं आणि शेवटी याच्या गल्लीत शिरावं, अशी ती जागा. नोकरी चांगली होती. मी काही बोललो नाही. नकाशा मात्र काढून बघितला.

तेव्हा माझी बायको होती. रविवारी संध्याकाळी फोन यायचा, तिकडं त्याची सकाळ असायची. बोलायची ती. काय खाल्लंस, भाजी कसली मिळते, केस कधी कापलेस, खोकल्यासारखा आवाज कामून येतोय. लग्नाचा विषय त्यानं एकदा कायमचा बंद करून टाकला होता, तरी ती आडून आडून तिथं जाऊन यायची. मी जवळच पेपर धरून बसायचो. पेपर धरलेला असायचा, कान फोनकडं असायचे. शेवटी ती फोन माझ्या हातात द्यायची, "हं घ्या, बोला." मग मला काय बोलावं ते सुचायचं नाही. मी विचारायचो, "वारं कसंय तिकडं?" तो सांगायचा. मी म्हणायचो, "बरं. ठेव." बापलेकाचं बोलणं ते एवढंच, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही कमी वाटत नव्हतं, कारण बाकीचं सगळं तिनं बोलून टाकलेलं असायचं.

तो गेल्यावर दुसऱ्याच वर्षी तिकडं पाच नंबरचं वादळ उठलं. तिकडं वादळांना वाऱ्याच्या वेगावरून नंबर देतात, एक ते पाच, पाचाच्या वर काही नाही. टीव्हीवर उपग्रहाचं चित्र दाखवत होते, पांढरंशुभ्र, मधे डोळा, अगदी मी फळ्यावर काढायचो तसं. बाण बरोबर होते. बायकोनं ते एकदाच पाहिलं आणि उठून देवघरातले देव तांब्याच्या परातीत पाणी घालून त्यात ठेवले. आमच्याकडं जिवावरचं संकट असलं की देव पाण्यात ठेवतात, ते टळलं की मगच कोरडे करतात.

"तिकडं समुद्राचं पाणी कमी हाय का, म्हणून तू इथं घालायलीस?" मी म्हणालो.

"तुमी तुमचे बाण मोजा," ती म्हणाली. "मला माझं करू द्या."

ते वादळ ऐन वेळी वळलं आणि दुसरीकडं गेलं. मुलाच्या दारातलं एक झाड पडलं तेवढंच. तिनं देव पुसून जागेवर ठेवले आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू बाण तिनं वळवले होते. मी वळण्याची कारणं सांगायला लागलो. उंचावरचे वारे, दाबाचा पट्टा वगैरे. तिनं गव्हाचं डबडं काढलं आणि निवडायला बसली.

तेव्हापासून मला वादळांचं वेडच लागलं म्हणायला हरकत नाही. मोबाईलवर सगळं बघायला मिळायला लागलं होतं. समोरच्या किराणा दुकानात जाऊन बसलं की दुकानदार विचारायचा. तो माझाच विद्यार्थी, बाण सुलट काढणाऱ्यांतला.

"सर, सगळ्यात मोठं वादळ कोणतं झालं आतापत्तुर?"

"कशात मोठं?"

"मोठं म्हंजी मोठं. त्यात आणि कशात काय?"

मग मी त्याला समजावून सांगायचो. जोरात मोठं एक असतं, जीव घेण्यात मोठं दुसरं आणि नुकसानीत मोठं तिसरंच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, तेव्हा पाच नंबर म्हणजे एक नंबराच्या पाचपट असं समजू नये. पण असं महाभयंकर वादळ भर समुद्रात उठतं, मासे सोडून कुणाला दिसत नाही आणि तिथंच विरून जातं. जीव घ्यायला नंबर लागत नाही. जगात सगळ्यात जास्त माणसं नेली ती आपल्या बंगालच्या उपसागरातल्या एका वादळानं, लाखांनी नेली, आणि वाऱ्यानं नाही, पाण्यानं. किनारा सपाट, माणसं गरीब, वेळ रात्रीची आणि समुद्र भरतीला. त्यानं समुद्रच उचलून गावांवर आणून टाकला. नुकसानीचं माप त्याहून वेगळं. श्रीमंत शहरावर आलेलं मधलंअधलं वादळही नुकसानीत पहिल्या रांगेत जाऊन बसतं, कारण तिथं मोडायला पुष्कळ असतं. ज्याच्याकडं मोडायलाच काही नाही त्याचं काय गेलं हे कागदावर फारसं दिसत नाही. आणि जुन्या वादळाचं नुकसान आजच्या भावात करून बघावं लागतं, नाहीतर आजोबांनी घेतलेली बैलजोडी आजच्या शेळीहून स्वस्त वाटते.

दुकानदार सगळं ऐकून घ्यायचा. मान हलवायचा. मग म्हणायचा, "बरं सर, साबण कोणता देऊ?"

बायको गेली ती पावसाळ्यात. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, परभणीला नेईपर्यंत उशीर झाला. गोदावरीला पूर होता, एका रस्त्यावर पाणी आलेलं, गाडी फिरून न्यावी लागली. तो पाऊसही बंगालच्या उपसागरातल्याच कुठल्यातरी वादळाचा उरलासुरला होता. किनाऱ्यावर त्याला नाव होतं, नंबर होता. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचं नावही उरलं नव्हतं, नुसता पाऊस राहिला होता. त्यात कुणी मेलं असं कुठं लिहिलेलं नाही, आणि लिहायला पाहिजे असं माझं म्हणणंही नाही. पण वादळानं किती माणसं नेली हा आकडा वाचला की मी त्यात मनानं एक मिळवतो.

तेव्हा मी मुलाला फोन केला. मी होऊन त्याला केलेला तो पहिलाच फोन. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. पूर्वी तार यायची ती मयताचीच यायची, पुढं ट्रंककॉल आला तोही त्याच कामाला. अजूनही घरातल्या म्हाताऱ्या माणसानं बाहेरगावच्या पोराला आपण होऊन फोन करायचा नसतो. फोन पोरांनी करायचा, आपण घ्यायचा. आपण केला तर तिकडं ते मयताचाच समजतात. मुलानं फोन उचलला आणि माझा आवाज ऐकायच्या आधीच विचारलं, "आई?" मला काही सांगावंच लागलं नाही.

तो आला, दिवस होईपर्यंत राहिला आणि गेला. जाताना म्हणाला, "बाबा, तिकडं चला." मी म्हणालो, बघू. मी इथून हलणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. एसटी स्टँडवर त्याची बस सुटली आणि मी घराकडं निघालो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आता घरी जाऊन कुणाला काही सांगायचं नाही. बस वेळेवर सुटली की उशिरा, हेसुद्धा नाही.

रविवारचा फोन चालू राहिला, पण त्याला आता बूड नव्हतं. "कसे हाव?" "बरा हाय. तू?" "बरा." मग मी विचारायचो, वारं कसंय. तिकडं काही असलं तर दहा मिनिटं निघायची, नसलं तर आम्ही दोघंही गप्प. त्यानं कधी म्हणावं, कामाचा फोन येतोय. हळूहळू रविवार चुकायला लागले. मी मनात म्हणायचो, पोरगं कामात असेल. कामात असायचाही.

पण जून लागला की तिकडचा वादळांचा हंगाम सुरू व्हायचा आणि नोव्हेंबरपर्यंत चालायचा. त्या दिवसांत त्याचा फोन हमखास. समुद्रात कुठं ढग गोळा झाले की तो व्हॉट्सअॅपवर नकाशा पाठवायचा आणि मागोमाग फोन. मी तयारच असायचो. डोळा नीट धरलाय का, पाणी किती गरम आहे, वळेल की सरळ येईल. तो माझं अगदी मन लावून ऐकायचा. कधीकधी मुद्दाम चुकीचं बोलायचा, म्हणजे मी त्याला दुरुस्त करावं. अर्धा अर्धा तास बोलणं चालायचं. फोन ठेवल्यावर घरात बराच वेळ बरं वाटत राहायचं. मी स्वतःसाठी भाजी टाकायचो, नाहीतर एरवी चटणीवर भागवत होतो.

एका वर्षी एक नंबरचं वादळ त्याच्या गावाकडं निघालं. त्यानं विचारलं, "बाबा, जाऊ का इथून निघून? काही लोक चाललेत." मी हसलो. "एक नंबर? अरे, एवढ्याला आपल्या शाळेला सुट्टीसुद्धा दिली नसती." तो राहिला. ते वादळ आलं आणि त्याच्या गावावर येऊन बसलं, हलेचना. जोर नाही, नुसता पाऊस. पुढं सरकत नाही ते वादळ पाण्यानं मारतं, हे मी समोरच्या दुकानात बसून कितीदा सांगितलं असेल. मुलाचा फोन बंद झाला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी दुकानात गेलो नाही, कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगायचं, की मास्तरनं पोराला नंबर बघून ठेवून घेतलं?

तांब्याची परात शोधायला मला बराच वेळ लागला. ती धान्याच्या कोठीमागं होती, हिरवी पडलेली. मी ती चिंचेनं घासली, पाणी भरलं आणि देव एकेक करून त्यात ठेवले. कुठला आधी ठेवायचा असतो ते माहीत नव्हतं. तिकडं पोरगं पाण्यात आणि इकडं देव पाण्यात, आणि कोरडा काय तो मी एकटा. माझा कधी देवावर फार विश्वास नव्हता. पण त्या दिवशी मी परातीसमोर बसून राहिलो, कारण घरात दुसरं कुणाच्या समोर बसावं असं नव्हतं.

फोन आला. तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडं होता, खालच्या त्याच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी. सुखरूप होता. तोच बोलत राहिला. पाणी उतरल्यावर त्याचे फोन रोज यायला लागले. भिंतीला बुरशी आली, विम्याचा माणूस आला, सोफा रस्त्यावर टाकला, वास जात नाही. मी त्याला इथून उपाय सांगायचो, चुन्याचा हात दे, कापूर ठेव. कित्येक आठवडे रोज फोन. लिहायला लाज वाटते, पण बायको गेल्यापासून मी सगळ्यात सुखात होतो ते त्या आठवड्यांत. त्याचं घर भिजलेलं होतं आणि माझं भरलेलं.

म्हणून वादळ मोजायचं आणखी एक माप माझ्याकडं तयार झालं, जे मी दुकानदाराला कधी सांगितलं नाही. कुठल्या वादळानं किती फोन आणले. त्या मापात पाच नंबरचं ते वळून गेलेलं वादळ कुठंच नव्हतं आणि एक नंबरचं सगळ्यांच्या वर होतं.

पुढचे हंगाम थंड गेले. म्हणजे समुद्रात वादळं झाली, पण त्याच्या किनाऱ्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. फोनही तसेच. मी रोज सकाळी चहा पिता पिता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे ढग बघायचो. एखादा पुंजका पश्चिमेला निघाला की मनात यायचं, ये, थोडा इकडं ये. घरात शिरू नको, नुसता दारावरून जा. बाप असून असं मनात यावं याची चीड यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणूस एकटा राहिला की त्याच्या मनाला काही शिस्त राहत नाही. इकडं आमच्या तालुक्यात त्यातल्याच एका वर्षी ढगफुटीसारखा पाऊस झाला, सोयाबीन सडलं, नदीकाठची घरं रिकामी करावी लागली. त्याची बातमी तिकडं कशी जाणार? मीही कळवलं नाही. कळवायला फोन करावा लागला असता.

मग एके दिवशी त्याचा फोन आला, हंगाम नसताना. आवाजात आनंद होता. नोकरी बदलली म्हणाला. आता आत, डोंगराकडं जाणार, समुद्र हजार मैलांच्याही पलीकडं. कोरडी हवा, पाऊस बेताचा. "आपल्या परभणीसारखंच समजा," तो म्हणाला. "तिकडं वादळ येतच न्हाई बाबा. आता तुमाला कसलीच फिकीर न्हाई."

"लय चांगलं झालं," मी म्हणालो.

खरोखर चांगलं झालं होतं. मी पेढे आणले, दुकानदाराला दिले, शेजारच्या वहिनींना दिले. या वहिनी माझ्या बायकोची मैत्रीण, दोघींच्या परसातली भिंत एकच. सगळ्यांनी म्हटलं, सुटलात सर काळजीतून. मी माझा पेढा पुन्हा पुड्यात ठेवला. बातमी चांगली असून वाईट वाटतं तेव्हा ते कुणाला सांगताही येत नाही, हा त्यातला जास्तीचा ताप.

तो तिकडं गेला आणि फोन थांबलेच. म्हणजे दिवाळीला एक आला, माझ्या वाढदिवसाला एक आला. जून लागला. समुद्रात एक दोन वादळं झाली, मी ती बघितली, पण ती आता कुणाच्यातरी दुसऱ्याच्या मुलाची होती. मला त्यांच्यात काही राम वाटेना. नकाशात मुलाचं नवं गाव बघायचो तर वर आभाळ स्वच्छ. तिकडचं हवामान सांगणारं पान मी रोज उघडायचो. ऊन, ऊन, थोडे ढग, ऊन.

शेवटी एका सकाळी मी त्याला फोन केला. काही झालं नव्हतं. चहा झाला होता, अंघोळ झाली होती, तिकडं त्याची संध्याकाळ असणार असा हिशेब केला आणि केला. तो उचलेना. वाटलं रेंज नसेल, म्हणून पुन्हा केला. मग आणखी एकदा. नाही उचलला. बाजाराचा दिवस होता. मी मोबाईल चार्जिंगला लावला, पुढच्या दाराला आतून कडी होतीच, पिशवी घेऊन परसाच्या दारानं निघालो आणि ते दार नुसतं ओढून घेतलं. रागच आला होता म्हणा ना. बाजारात मेथीची जुडी घेतली, वाटेत जुने एक सहकारी मास्तर भेटले, त्यांच्या गुडघ्यांविषयी सगळं ऐकून घेतलं.

परत आलो तर माझ्या घरापुढं माणसं. चांगली पंचवीस-तीस असतील. दुकानदारानं दुकानाचं शटर निम्मं ओढलेलं. एकजण फोनवर कुणाला तरी हार केवढा आणायचा ते सांगत होता. दोघं माझ्या दारावर थापा मारत होते आणि आत माझा मोबाईल वाजत होता. माझ्याविषयी चांगलं बोलणारी एवढी माणसं मी आयुष्यात प्रथमच एकत्र पाहिली. "कडक होते, पण शिकवायचे लय मनापासून," एकजण म्हणत होता. मी त्याच्या मागं पिशवी घेऊन उभा होतो.

"कोण कडक होतं?" मी विचारलं.

त्यानं वळून बघितलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. झालं होतं असं की मुलगा व्यायाम करून आला, बघतो तर बापाचे तीन फोन. बापाचा फोन म्हणजे काय, ते त्याला एकदा कळलेलं होतं. त्यानं उलट फोन लावला, मी उचलला नाही. पुन्हा पुन्हा लावला. मग अडीअडचणीला म्हणून मीच देऊन ठेवलेला दुकानदाराचा नंबर लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, बाबांकडं बघा. दुकानदार आला, दार आतून बंद, आत फोन वाजतोय, मास्तर उचलत नाही. बाकीचं गल्लीनं पूर्ण केलं. पहिल्या घरी सरांना बरं नव्हतं, चौकात जाईपर्यंत सर गेले होते. परसाच्या बाजूनं जाऊन बघावं हे एवढ्या माणसांत कुणाला सुचलं नाही.

"सर, तुमी होऊन फोन केला म्हंल्यावर आमी तरी काय समजायचं?" दुकानदार म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, त्यामुळे मला रागावता आलं नाही. त्यानं मुलाला कळवलं, सर हायेत, बाजारला गेलते. माणसं हळूहळू पांगली. काहींच्या चेहऱ्यावर थोडी निराशा होती, असं मला उगीचच वाटलं.

मी आत जाऊन पुढचं दार उघडलं तर वहिनी उभ्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं भगुलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भाकरी जाते. त्यांनी बातमी कानावर पडताच तवा ठेवला होता.

"आता केल्यात तर खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "टाकून काय द्यायच्या."

"पण वहिनी, ह्या भाकरी तुमी कुणासाठी केल्या होत्या? ह्या घरात खाणारं मागं कोण राहिलं होतं?"

"आसं काय म्हणताव सर? पोरगं आलं असतं की तुमचं."

त्या सहज बोलून गेल्या आणि निघून गेल्या. मी भाकरी ओट्यावर ठेवल्या. पोरगं आलं असतं. मी मेलो असतो तर तो दुसऱ्या दिवशी विमानात बसला असता, या स्वयंपाकघरात अशाच भाकरी त्यानं खाल्ल्या असत्या. मी जिवंत होतो म्हणून ह्या समोर तशाच निवत होत्या. त्या क्षणी मला माझ्या जिवंत असण्याचा खरोखर कंटाळा आला.

तेवढ्यात फोन वाजला. तोच होता.

"बाबा, खरं सांगा. तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

"छातीत दुखायलंय? चक्कर? लपवू नका."

"न्हाई रे. काहीच झालं न्हाई."

"मग फोन कामून केलता?"

सवयीनं मी मनातल्या मनात एखादं वादळ शोधलं. त्याच्या बाजूला नव्हतं, माझ्याही बाजूला नव्हतं. तेव्हा जे होतं तेच सांगितलं. "उगंच केलता. तुझा आवाज ऐकावा वाटला. तिकडं वादळं होती तवर तू फोन करायचास. आता भीतीचं काही राहिलं न्हाई, म्हणून तुला माझी गरज राहिली न्हाई, असं वाटायलंय मला." बायको गेल्यापासून एवढं लांब मी वाऱ्याशिवाय दुसऱ्या कशाविषयी बोललो नव्हतो.



"बाबा," तो म्हणाला, "ते एकदा पाणी घरात आलं तेवढं सोडलं तर मला वादळाचं भ्याव कधीच वाटलं न्हाई. मी फोन करायचो ते तुमच्यासाठी. आई गेल्यावर तुमी दुसरं काही बोलतच नव्हताव. मी एकटाच असतो इथं, संध्याकाळी घरी आलो की समुद्रात कुठं ढग हाय का ते बघायचो. दिसला की बरं वाटायचं, चला, बाबांना सांगायला काहीतरी झालं. इकडं आल्यापासून रोज आभाळ बघतो बाबा. रोज निळंच असतंय. काय सांगू तुमाला?"